सावास, झेंडा घातला नाही

सावास, तुझ्या जिवाला जो घोर लागला असेल त्याचं आधी सांगून टाकतो. तुझ्या शवपेटीवर झेंडा नव्हता. ग्रीसचा नव्हता आणि सायप्रसचाही नव्हता. नुसती पांढरी फुलं होती. हे कसं जमलं ते पुढे सांगतो, कारण त्यात तुझं कौतुक आहे आणि माझी फजिती आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की तू नेहमी खुर्ची पुढे ओढून बसायचास.

हे मी मराठीत लिहितोय. आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या अंकासाठी बेळगाववर लेख मागितला होता. दरवर्षी मीच लिहितो आणि दरवर्षी तेच लिहितो. या वर्षी बसलो तर कागदावर तूच आलास. तुला मराठीतला एक शब्द येत होता, 'चहा', आणि तोही तुमच्या ग्रीक 'त्साय'शी जुळतो म्हणून. तू असतास तर म्हणाला असतास, पाटील, माझ्या माघारी मला नावं ठेवायला बरी भाषा शोधलीस.

आपली ओळख झाली ती काळ्या फितीमुळे. आठ वर्षांपूर्वी मी नोव्हाय गावच्या त्या ऑफिसात नवा होतो. एक नोव्हेंबर आला. बेळगावात आम्ही मराठी माणसं तो काळा दिवस म्हणून पाळतो, कारण त्या दिवशी राज्यं भाषेप्रमाणे आखली गेली आणि आमचं गाव म्हैसूर राज्यात गेलं. बाबा त्या दिवशी दंडाला काळी फीत बांधतात, म्हणून मीही बांधली आणि मिशिगनमध्ये गाडीच्या दरवाज्यांची ड्रॉइंग्ज काढायला गेलो. आमच्या अमेरिकन सहकाऱ्यांना वाटलं की घरातलं कुणीतरी गेलं. मॅनेजरनं खांद्यावर हात ठेवून घरी जायला सांगितलं. दुपारपर्यंत सगळ्यांच्या सह्यांचं सांत्वनाचं कार्ड आलं, आणि दुसऱ्या दिवशी एकीनं चीज घातलेल्या नूडल्सचं मोठं भांडं आणून दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी मेलेलं नाही हे सांगायची सोय उरली नव्हती.

तू शेवटच्या ड्रॉइंग बोर्डावरून उठून आलास. फितीकडे बघितलंस आणि हळूच विचारलंस, "माणूस की जमीन?"

मी म्हणालो, जमीन. तू मान डोलावलीस आणि आपला डबा माझ्या टेबलावर आणून ठेवलास. त्यानंतर आठ वर्षं आपण दुपारचं जेवण एकत्र जेवलो.

तुझी हकिगत मला त्याच आठवड्यात कळली. सायप्रस बेटावर बहुतेक लोक ग्रीक बोलणारे, थोडे तुर्की बोलणारे, आणि वर राज्य इंग्रजांचं. तू शाळकरी पोर असताना साऱ्या ग्रीकांना एकच ध्यास होता, बेट ग्रीसला जोडायचं. तू रंगाचा डबा घेऊन भिंतींवर तेच लिहीत हिंडायचास आणि इंग्रज शिपायांच्या हाती लागलास तेव्हा दोन दिवस कोठडीत बसलास. मग इंग्रज गेले, बेट वेगळा देश झाला. पुढे चौऱ्याहत्तर साली ग्रीसमधून आलेल्या अधिकाऱ्यांनी तेच जोडायचं काम बंदुकीनं करायला घेतलं, त्यावर तुर्कस्तानचं सैन्य उतरलं आणि बेट मधोमध चिरलं गेलं. तुझं गाव रेषेच्या पलीकडे उत्तरेत राहिलं. तू बायको आणि लहान पोरीला घेऊन इथे थोरल्या भावाकडे आलास.

मला ऐकून भरून आलं. मी तुला सांगितलं, अरे, ही तर माझीच गोष्ट आहे. बाबा सत्याग्रहात तुरुंगात गेलेले, आमच्या घरात महाराष्ट्राचा नकाशा बेळगाव आत धरून टांगलेला. एका भाषेच्या माणसांनी एकत्र असायला हवं, यात वाद घालण्यासारखं आहे काय? तू ब्रेडचा तुकडा ऑलिव्हच्या तेलात बुडवलास आणि म्हणालास, आहे. तिथून जे सुरू झालं ते गेल्या महिन्यापर्यंत संपलं नव्हतं.

गंमत अशी की तुझ्या भावाशी माझं पहिल्या भेटीतच जमलं. पानिकोसचं हॉट डॉगचं रेस्टॉरंट, काउंटरच्या मागे निळापांढरा ग्रीक झेंडा, आणि त्याखाली उभा राहून पानिकोस ग्रीस आणि सायप्रस कसे एक आहेत ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणार. शनिवारी मी जायचो आणि त्याची री ओढायचो. मी मुंबई-बेळगाव म्हणायचो, तो अथेन्स-निकोसिया. तू कोपऱ्यात बसून कॉफी ढवळायचास. एकदा पानिकोस तुला म्हणाला, हा हिंदू माणूस माझ्या सख्ख्या भावापेक्षा चांगला ग्रीक आहे. तू हसलास तेवढं. मला मात्र आठवडाभर फुगायला ते पुरलं.

आणि ते अळकुड्यांचं प्रकरण. मी तुला इंडियन ग्रोसरीत घेऊन गेलो तेव्हा तू एका खोक्यापुढे थबकलास. मातकट, केसाळ अळकुडी हातात घेऊन तू नाकाशी नेलीस. तुमच्या बेटावर हे रोजचं खाणं, कोलोकासी. पंधरा वर्षं इथे राहिलेल्या पानिकोसला कुठे मिळालं नव्हतं. तुमच्या चर्चमधल्या ग्रीसहून आलेल्या, अथेन्सच्या, पेलोपोनेसच्या बायकांना तुझ्या बायकोनं, मारूल्लानं, विचारलं होतं तर त्यांनी हे नावही ऐकलं नव्हतं. तू पिशवी भरून आमच्या घरी आलास. सुनंदा, माझी बायको, तुझं स्वागत म्हणून कामाला लागली. तिनं अळकुड्या सोलल्या, नळाखाली स्वच्छ धुतल्या आणि विळीवर चकत्या करायला बसली. तू असा ओरडलास की आमची पोरं जिन्यावरून खाली धावत आली.

सोलल्यावर धुवायचं नाही, नाहीतर बुळबुळीत होतं. कापायचं तर मुळीच नाही. सुरी थोडी रुतवायची आणि मनगट फिरवून तुकडा मोडून काढायचा. तू ओट्याशी उभा राहून सुनंदाला शिकवलंस, तिनं तुला सांगितलं की आम्ही याची पानंही खातो, तर तुला ते खरंच वाटेना. पुढच्या उन्हाळ्यात तुझ्या मागच्या अंगणात अळू लागलं आणि पानं आमच्याकडे येऊ लागली. त्या दिवशी जेवताना मी म्हणालो की बघ, संस्कृती एक असली की असं होतं. तू काटा खाली ठेवलास.

"पाटील, अथेन्सवाल्याला कोलोकासी माहीत नाही आणि तुला माहीत आहे. मग आता सायप्रस बेळगावला जोडायचा का?"

सुनंदाला हसता हसता ठसका लागला. मी तिला म्हणालो की तू कुणाच्या बाजूची आहेस ते एकदा ठरव, तर म्हणाली, "अहो, सावासभाऊ करेक्ट बोलतायत, उगीच आर्ग्यू करू नका." माझा थोरला तर सरळ म्हणाला, "बाबा, यू लॉस्ट."

तू कुणाला हरवायला बोलत नव्हतास, हे कळायला मला फार वेळ लागला. मी तावातावानं बोलायचो. आवाज चढायचा, मुठी वळायच्या, मुद्दा संपला तरी मी थांबायचो नाही. तू ऐकायचास. माझा मुद्दा माझ्यापेक्षा नीट करून मला परत द्यायचास, "म्हणजे तुला असं म्हणायचंय ना," आणि मग त्यावर बोलायचास. मी एवढ्या सभा ऐकल्या, बाबांबरोबर किती व्यासपीठांच्या पायऱ्यांवर बसलो. दुसऱ्याची बाजू दुरुस्त करून देणारा माणूस मी तुझ्याआधी पाहिला नव्हता.

तुझं काम करणंही तसंच. आपल्या सेक्शनमध्ये प्रत्येक ड्रॉइंग दुसऱ्या कुणीतरी चेक करायचं, उजव्या खालच्या कोपऱ्यात चेकरची सही हवी. आम्ही सगळे दोस्ताकडे न्यायचो. दोस्त वरवर बघतो, सही मारतो, चहाला मोकळे. तू मुद्दाम शोधून काढायचास, मीटिंगमध्ये आपल्या डिझाइनला सगळ्यात जास्त विरोध कुणी केला, आणि ड्रॉइंग त्याच्यासमोर नेऊन ठेवायचास. तो माणूस मिलीमीटर-मिलीमीटर शोधायचा. तुझी ड्रॉइंग्ज लाल पेन्सिलीनं भरून परत यायची आणि तू शांतपणे पुन्हा काढायला बसायचास. मी तुला वेड्यात काढलं. तू म्हणालास, ज्याला ते चुकलेलं हवं आहे त्यानं बरोबर म्हटलं तर मग ते बरोबर. तुझ्या एकाही ड्रॉइंगवरून कारखान्यात चुकीचा पार्ट निघालेला मला आठवत नाही. माझ्या ड्रॉइंग्जवरून दोन निघाले.

आता भांडणाचं. ते टाळून पुढे गेलो तर तू म्हणशील, पाटलानं चेकरला चकवलं.

त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात बेटाच्या उत्तरेनं आपलं वेगळं राज्य जाहीर केलं. तू कामावर आलास तेव्हा तुझा चेहरा बघवत नव्हता. मला तेव्हा गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो की आता उरलेला अर्धा भाग तरी ग्रीसला जोडून टाका, नाहीतर तोही जाईल. मग तू तुझ्या वडिलांची गोष्ट सांगितलीस. तू लहान असताना चर्चमध्ये एक वही ठेवली होती, बेट ग्रीसला जोडावं अशी ज्यांची इच्छा त्यांनी सही करायची. तुझ्या वडिलांनी ठळक अक्षरात सही केली आणि घरी येऊन, आम्ही लाडू वाटतो तसे, सगळ्यांना गोड पदार्थ वाटले. चर्चमधून घरी येताना वाटेत हसन न्हाव्याचं दुकान होतं. वडील त्याच्याकडे दाढी करायला बसले. सारं गाव सह्या करून आलं होतं आणि हसन एकेकाची दाढी करत होता. तो तुर्की बोलणारा, तो चर्चमध्ये कशाला येईल? वही तिथेच होती.

"त्याला कुणी विचारलंच नाही, पाटील. माझ्या बापानंही नाही. गळ्याला वस्तरा लावू देण्याइतका विश्वास होता, पण विचारलं नाही."

मी म्हणालो, बहुमत होतं ना, मग एका न्हाव्याला काय विचारायचं. तेव्हा तू मला विचारलंस, "तुझ्या बापानं शेजारच्या कानडी माणसाला विचारलं होतं?"

मी डबा उचलला आणि उठून गेलो.

आमच्या शेजारी बसप्पाकाका राहायचे. घरात कानडी, बाहेर आमच्याशी मराठी. बाबा तुरुंगात होते तेव्हा आमच्याकडे रोज दूध त्यांनी आणून दिलं, हे मीच तुला कधीतरी सांगितलं होतं. माझंच सांगणं तू माझ्यापुढे आणून ठेवलंस, म्हणून मला इतकं झोंबलं. शिवाय उत्तर मला माहीत नव्हतं. तीन आठवडे मी तुझ्याशी बोललो नाही. पानिकोसकडे जाऊन तुझ्या तक्रारी केल्या, त्यानं माझी बाजू घेतली आणि मला आणखी वाईट वाटलं.

चौथ्या सोमवारी तू माझ्या बोर्डासमोर येऊन उभा राहिलास. हातात ड्रॉइंगची गुंडाळी. चेक करून दे म्हणालास. मी म्हणालो, आपण बोलत नाही आहोत. तू म्हणालास, म्हणूनच आणलंय, सध्या या मजल्यावर तुझ्याइतकं माझ्यावर कुणी चिडलेलं नाही. मी लाल पेन्सिल घेतली आणि दोन तास त्या कागदाचा पिच्छा पुरवला. एक चूक सापडली, तीही क्षुल्लक. सही करून दिली. दुपारी तुझा डबा पुन्हा माझ्या टेबलावर आला. हसनचा विषय आपण परत काढला नाही, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला द्यायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

मागच्या उन्हाळ्यात तुमच्यातले एक म्हातारे गृहस्थ वारले. पेटीवर ग्रीसचा झेंडा घातला होता. दुसऱ्या दिवशी जेवताना तू म्हणालास की माझ्यावर कुठलाच घालू नका. मी विचारलं, बेटाचा तरी? तू म्हणालास की तोही नको, आमच्या शाळेवर तो कधी चढलेला मी पाहिला नाही, कुणी ग्रीसचा लावायचा, कुणी तुर्कस्तानचा. मी संतापलो. मी म्हणालो की माझे बाबा गेले की त्यांच्यावर भगवा घालणार, त्यात काय चूक आहे. तू म्हणालास, त्यांनी सांगितलं असेल तर काहीच नाही.

"माझं अजून ठरलेलं नाही, पाटील. ग्रीसचं राष्ट्रगीत लागलं की मी अजून उठून उभा राहतो. आणि हसनही आठवतो. ज्याचं ठरलेलं नाही त्याच्यावर झेंडा घालू नये. तू हे लक्षात ठेव."

मला वाटलं, नेहमीसारखा मला चिडवतोयस. एवढी मोठी गोष्ट ऑलिव्हच्या बिया डब्याच्या झाकणात टाकत कुणी सांगतं का?

ऑक्टोबरात तू गेलास, आणि त्या मंगळवारी दुपारी आम्ही फ्युनरल होममध्ये तुझं शेवटचं दर्शन घ्यायला गेलो. सुनंदा मारूल्लाशेजारी बसली. पानिकोस झेंडा घेऊन आला होता, काउंटरमागचाच, धुऊन इस्त्री केलेला. त्याचे डोळे सुजले होते. त्यानं मला बघितलं, मिठी मारली आणि झेंड्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. एकट्याला उलगडता येत नाही इतका तो मोठा. आपल्या विचाराचा माणूस म्हणून त्यानं मला निवडलं होतं. मारूल्लानं एकदा वर बघितलं आणि पुन्हा खाली. तिला काही माहीत नव्हतं. तू तिला सांगितलं नव्हतंस, पोरीला नाही, भावाला तर नाहीच.

खरं सांगतो, सावास, मी दोन पावलं चाललो. ते टोक धरून तुझ्या उघड्या पेटीपर्यंत आलो. मनात म्हटलं, कुणाला कळणार आहे. भावाला समाधान, चर्चला समाधान, आणि मलाही तो झेंडा तिथे बघून बरंच वाटलं असतं. मग तुझ्या हाताकडे लक्ष गेलं. उजव्या मधल्या बोटाला पेन्सिलीचा घट्टा होता तसाच.

मी म्हणालो, "पानिकोस, घालू नकोस. तो नको म्हणाला होता. मला म्हणाला होता."

पानिकोस माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा मला बाहेर काढणार. तो हळू आवाजात म्हणाला की दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. तू सांगतोयस? सात वर्षं माझ्या काउंटरवर या झेंड्यासाठी भांडलेला माणूस? तुला तर हा इथे हवा आहे.

"हवा आहे," मी म्हणालो.

आम्ही दोघांनी झेंड्याची पुन्हा घडी केली, टोकाला टोक जुळवून, साडीची करतात तशी. मग तो खुर्चीत बसून खूप रडला, आणि मीही.

घरी येताना गाडीत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू मला चिडवत नव्हतास. तू चेकर निवडत होतास. मारूल्लानं सांगितलं असतं तर पानिकोस म्हणाला असता, बायकोला राजकारण कळत नाही. पोरीनं सांगितलं असतं तर म्हणाला असता, ती अमेरिकन झाली. ज्याला झेंडा हवा आहे तोच नको म्हणाला, तर मग ते खरं. आठ वर्षं तू मला हरवायचा प्रयत्न का केला नाहीस, तेही मला तेव्हाच कळलं असं वाटतं. माझ्यावर तू केवढा भरवसा ठेवलास, सावास. आणि मी दोन पावलं चाललो होतो, तेही तुला कळायला हवं म्हणून लिहिलं.

तू गेल्यावर एक नोव्हेंबर आला. सुनंदानं दरवर्षीप्रमाणे डब्याशेजारी काळी फीत ठेवली होती. मी बांधली. सेक्शनमध्ये एकेकजण येऊन खांद्यावर हात ठेवून गेला. या वेळी मला काही खुलासा करावा लागला नाही.

माझं मत बदललेलं नाही, हे स्पष्ट सांगतो, नाहीतर तू वर बसून उगीच खूश होशील. बेळगाव महाराष्ट्रात यायला हवं. पण बाबांचं पत्र आलंय. त्यांच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असते, तुझा तो सायप्रसवाला काय म्हणतो. त्याला उत्तर लिहिलं. सायप्रसवाला गेला. झेंडा नको म्हणाला होता, आणि नको हे सर्वांसमोर मी सांगितलं. मग दोन प्रश्न विचारले. बाबा, तुमच्यावर भगवा घालायचा हे मी धरून चाललोय, पण तुम्हाला कधी विचारलं नाही, तर आज विचारतो. आणि त्या वर्षांत तुम्ही बसप्पाकाकांना काही विचारलं होतं का? नसेल तर ते अजून शेजारी आहेत.

पत्र तीन दिवस टेबलावर पडून आहे. पुन्हा वाचलं की वाटतं, सगळं तुझ्याच बाजूनं लिहिलं गेलंय, कुणाकडून तरी चेक करून घ्यावं. सुनंदाला दाखवून उपयोग नाही, ती पहिल्यापासून तुझी. पानिकोसला मराठी येत नाही. चेकर कसा हवा ते तूच शिकवून ठेवलंयस, आणि या पत्राला मनापासून विरोध करील असा एकच माणूस माझ्या ओळखीत आहे. पाकिटावर त्याचाच पत्ता आहे. उद्या सकाळी ऑफिसला जाताना टाकतो.